नाक टेकवून वाचायचा नकाशा

आमच्या मोठ्या जाऊबाई कागदाला आधी हात लावतात आणि मग बोलतात. गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकतानाही त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात कुठल्या ना कुठल्या कागदाचा कोपरा असतोच. मी त्यांना ताई म्हणते. त्या कामाला आहेत त्या छपाईच्या दुकानात आणि गल्लीत त्यांना सगळे रोलवाल्या बाई म्हणतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "दिवसभर कागदाचे रोलच तर उचलते," म्हणतात.

मी घरी पडदे शिवते. लिहिण्याबिहिण्याशी माझा संबंध नाही. पण ही गोष्ट आता चार ठिकाणी सांगितली जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिला नवीन शेपूट फुटतं. जे झालं ते आमच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा मीच सांगते.

ताई आधी कापडाच्या कारखान्यात होत्या. तयार कापड एका तिरप्या काचेवरून सरकत जायचं, काचेखाली दिवा असायचा, आणि कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय, कुठे रंग उतरलाय ते बघून खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. सोळा वर्षं त्यांनी ते केलं. कारखाना बंद पडला तेव्हा त्या एकेचाळीस वर्षांच्या होत्या आणि "आता या वयात मला कोण घेणार" हे त्यांनी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही. मोठे भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या फिरतीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर मोठ्या छपाईचं दुकान होतं. तिथल्या मालकांना कागद सरळ रेषेत कापणारं माणूस हवं होतं.

घरात फक्त सासऱ्यांनी नाक मुरडलं. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाले तरी घरात तास चालूच होता. "झेरॉक्सच्या दुकानात?" एवढंच ते म्हणाले, पण असं म्हणाले की पुढचा धडा आम्हाला पाठ असल्यासारखा कळला.

"झेरॉक्स नाही बाबा, मोठी छपाई," ताई म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

त्या दुकानात शाईच्या बारीक फवाऱ्याने छापणारं एक यंत्र आहे. चव्वेचाळीस इंच रुंद, चार पायांवर उभं, लांबून बघितलं तर पलंगच वाटावा. मागच्या बाजूला कागदाचा रोल चढवायचा, पुढून छापलेला कागद हळूहळू बाहेर येतो. पहिले दोन महिने ताईंनी तो फक्त कापला. मग एके दिवशी दुकानात गोंधळ उडाला. एका वास्तुविशारदाचा मोठा आराखडा छापताना शाई नुसती पसरत होती, टिपकागदावर पडावी तशी. मालकांनी यंत्राचं शाई सोडणारं टोक धुतलं, शाईच्या बाटल्या बदलल्या, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. ताई कापलेले तुकडे गोळा करत होत्या. त्यांनी बोट जिभेला लावलं, कागदाच्या एका बाजूवर टेकवलं, मग दुसऱ्या बाजूवर.

"मालक, कागद उलटा चढलाय."

"बाई, दोन्ही बाजू पांढऱ्याच असतात."

"पांढऱ्या आहेत. पण ही बाजू बोटाला चिकटते. शाई धरायचा लेप इकडे आहे. तुम्ही पाठीवर छापताय."

रोल उलटा करून चढवला आणि रेषा केसासारखी बारीक आली. त्या दिवशी मालकांनी कागदाच्या कपाटाची किल्ली ताईंच्या हातात दिली. ती अजून त्यांच्याकडेच आहे.

कपाट हातात आल्यावर ताईंनी एक जाड वही केली. दुकानात आलेल्या प्रत्येक कागदाचा तळहाताएवढा तुकडा त्यात चिकटवायचा आणि शेजारी लिहायचं: कुठल्या भिंतीवर गेला, सहा महिन्यांनी कसा दिसला. सहा महिन्यांनी कसा दिसला हे कळायला त्या खरोखर तिथे जाऊन बघायच्या. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात, बँकेत, कुणाच्या तरी जिन्यात उभ्या. लोकांना वाटायचं, बाईंना कुणी भेटायला येणार आहे.

गिऱ्हाईक आलं की त्यांचे प्रश्न सुरू. कुठे लावणार? समोर खिडकी आहे का? हात कोण लावणार? किती वर्षं टिकायला हवं? एक फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "बाई, कागद देताय की मुलगी?" ताई हसल्या, पण उत्तरं घेतल्याशिवाय यंत्राकडे वळल्या नाहीत. त्याला आपल्या आईचा फोटो चकचकीत कागदावर हवा होता आणि लावायचा होता खिडकीसमोर. ताईंनी त्याला मंद चमकेचा कागद घ्यायला लावला. तो रागारागाने घेऊन गेला. महिन्याभराने आला तो भावाला घेऊन, त्यालाही तसलाच फोटो हवा म्हणून.

चुकल्या नाहीत असं नाही. एकदा एका कचेरीसाठी त्यांनी बारीक रेघांचं चित्र कॅनव्हासवर छापलं, कारण कॅनव्हास भारदस्त दिसतो. कापडाच्या विणीत रेघा तुटक तुटक झाल्या. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ताईंनीच त्याला थांबवलं, परत छापून दिलं, आणि वहीत त्या तुकड्याशेजारी लिहिलं, "माझी चूक. दिसायला भारी, वाचायला वाईट." ही वही त्या कुणालाही दाखवतात, त्या पानासकट.

अशी सात वर्षं गेली. मग दुकानात एक मुख्याध्यापिका आल्या.

अंधुक दिसणाऱ्या मुलांची त्यांची शाळा. अगदीच दिसत नाही असं नाही, पण चष्म्यानेही नीट दिसत नाही अशी मुलं. शाळेला चाळीस मोठे तक्ते हवे होते: नकाशे, शरीराचे भाग, झाडाचे भाग, घड्याळ. मालक खूश झाले. "सगळ्यात भारी फोटोचा कागद वापरू, वर चकचकीत लॅमिनेशन करू, दहा वर्षं बघायला नको. आठ दिवसांत देतो."

ताई काउंटरच्या पलीकडून म्हणाल्या, "या तक्त्यांना हात कोण लावणार?"

मुख्याध्यापिका बाई हसल्या. "हात? ताई, आमची मुलं तक्त्याला नाक लावतात."

ताईंनी दुसऱ्याच दिवशी ती शाळा गाठली. घरी आल्या आणि सुरी घेऊन बसल्या. भाजी चिरता चिरता मला सांगायला लागल्या. वर्गात जुने तक्ते होते, कुणीतरी आधी छापून दिलेले, काचेसारखे चकचकीत. एक दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी जगाच्या नकाशाला नाक टेकवून उभी होती आणि खेकड्यासारखी आडवी सरकत होती. मध्येच थांबायची, एका हाताने डोळ्यांवर आडोसा करायची, आणि मग तेवढा भाग सोडून पुढे जायची.

"मी तिला विचारलं, बाळा, इथलं का नाही वाचत? तर म्हणते, इथे उजेड सांडलाय." ताईंनी सुरी खाली ठेवली. "ट्यूबलाइटचं प्रतिबिंब गं. तिला अर्ध्या जगावर नुसता पांढरा पट्टा दिसतो. आणि तिला वाटतं ते आपल्याच डोळ्यांमुळे."

मालकांना ताईंनी सांगितलं, चमक नको. जाड, मॅट कागदावर पहिला नकाशा छापला. काळा रंग असा गडद आला की बघत राहावं. चमक कुठूनही नाही. मुख्याध्यापिका बाई आनंदाने घेऊन गेल्या. ताई दोन दिवस गाणं गुणगुणत होत्या, आणि ताईंचं गाणं ऐकणं ही आमच्या घरात तशी दुर्मीळ गोष्ट आहे.

आठ दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्या रागावलेल्या नव्हत्या, उलट हसत होत्या, त्यामुळे तर ताईंना जास्तच लागलं. मॅट कागदावरची शाई घासली जात होती. पंचवीस मुलं, पंचवीस नाकं, रोज. "ताई, आमच्या सगळ्या मुलांच्या नाकाला समुद्र लागलाय."

"लॅमिनेशन करा आणि मोकळ्या व्हा," मालक म्हणाले.

"चकचकीत केलं तर उजेड सांडतो. मॅट लॅमिनेशन केलं तर काळ्याचा करडा होतो. करून बघितलंय मी."

"मग आता?"

"मला एक आठवडा द्या."

"बाई, शब्द दिलाय मी त्यांना."

"मग तो नीट पाळू या. नाहीतर या कामावर दुकानाचं नाव तरी टाकू नका."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सात वर्षांत त्यांनी ताईंचा असा आवाज ऐकला नव्हता. "एक आठवडा," ते म्हणाले.

ताईंनी नकाशाचा एकच तुकडा नऊ वेगवेगळ्या कागदांवर छापला. एक नदी, तिचं खोरं, सीमारेषा आणि आठदहा गावांची नावं. चकचकीत, मंद चमकेचा, मॅट, जाड सुती, कॅनव्हास, आराखड्याचा साधा कागद, मॅट लॅमिनेशन केलेला, कापडासारखा एक, आणि शेवटचा म्हणजे मॅट फिल्म: दिसायला कागद, पण खरं तर पातळ प्लास्टिक, ओढलं तरी न फाटणारं. हे नऊ पट्टे त्यांनी घरी आणले आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर टाचण्यांनी लावले. दुकानात खिडकीच नाही, सगळा ट्यूबलाइटचा कारभार. आमच्या मधल्या खोलीत एका बाजूने खिडकीचा उजेड येतो आणि समोर ट्यूबलाइट आहे, अगदी त्या वर्गासारखं.

इथे बाबांचं सांगायला हवं. गेलं वर्ष दीड वर्ष बाबा बदलले होते. पेपर बंद केला होता. "त्यात वाचण्यासारखं असतं काय?" टीव्ही नुसता ऐकायचे. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघत बोलायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं, मन उडालं. माझे यजमान म्हणायचे, "त्यांना त्यांच्या कलाने राहू द्या." आम्ही राहू दिलं. आता वाटतं, जरा जास्तच राहू दिलं.

तो रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. ताई आणि मी स्वयंपाकघरात होतो. बाबा मधल्या खोलीत आले. घरात कुणी बघत नाही अशा समजुतीने ते भिंतीपाशी गेले, आणि त्यांनी पहिल्या पट्ट्याला नाक टेकवलं.

मी काहीतरी बोलणार होते. ताईंनी माझं मनगट धरलं.

बाबांनी मान डावीकडे कलती केली, मग आणखी कलती. समोर न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. थोडे सरकले. दुसरा पट्टा. तिसरा. आडवे, खेकड्यासारखे. ताईंच्या हाताची पकड इतकी घट्ट झाली की माझ्या मनगटावर नंतर वळ होता. नवव्या पट्ट्यापाशी बाबा थांबले आणि हळू आवाजात वाचायला लागले. नदीच्या उगमापासून एकेक गाव. पुढच्या गावाचं नाव लागलं की किंचित मान हलवायचे, वर्गातल्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवत असतील तशी.

दुसरी कुणी असती तर धावत जाऊन म्हणाली असती, "बाबा, तुम्हाला दिसत नाही का?" मी तरी म्हणालेच असते. ताईंनी हात पुसले, बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तुम्ही बघताय. मला भूगोल कळत नाही. यात चूक काय आहे ते सांगाल का? शाळेत जायचंय हे."

बाबा दचकले. मग मास्तर जागा झाला. "चुका? चिक्कार आहेत! ही सीमारेषा इथे तुटली आहे."

तो कॅनव्हासचा पट्टा होता.

"आणि हा कागद किती पांढरा! सुई टोचावी तसा टोचतो. हा बरा, जरा दुधाळ आहे. पण याचा काळा रंग काळा नाही, राखाडी आहे. आणि हा बघ, कडेने वळलाय. जिथे वळलाय तिथे चकाकतो. नकाशा सपाट पाहिजे. पृथ्वी गोल असली म्हणून काय झालं!"

ताईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक पट्ट्याखाली लिहायला लागल्या. वीस मिनिटं बाबा बोलत होते. त्यांना इतकं बोलताना ऐकून कितीतरी दिवस झाले होते. शेवटी ताईंनी अगदी सहज, मान वर न करता विचारलं, "आणि बाबा, तुम्ही कडेने का बघता?"

बाबांनी नवव्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मधलं पुसलंय," बाबा म्हणाले. "फळ्याच्या मधोमध कुणी डस्टर फिरवावं तसं. जिथे बघतो तिथेच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं."

"कधीपासून?"

"झालं दीड वर्ष."

"सांगितलं का नाही बाबा?"

"सांगून काय? तुम्ही मला वाचून दाखवायला लागला असता. मी चौतीस वर्षं लोकांना वाचून दाखवलं आहे."

 ताईंनी खुर्ची ओढून भिंतीपाशी ठेवली आणि म्हणाल्या, "बसून सांगा. अजून घासून बघायचे आहेत सगळे."

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जे गेलं ते परत यायचं नाही, पण इंजेक्शनं घेतली तर उरलंय ते टिकेल, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी ते शांतपणे ऐकलं आणि रिक्षात बसल्या बसल्या ताईंना विचारलं, "त्या नवव्या कागदाला पाणी चालतं का?"

तो आठवडा आमच्या घराने पुन्हा कधी बघितला नाही असा गेला. बाबा आणि ताई रोज सकाळी दुकानाच्या वेळेआधी भिंतीपाशी. कोरड्या बोटाने घासायचं, ओल्या बोटाने घासायचं, साबणाच्या हाताने घासायचं. शेवटी नाकाने. एके दिवशी मोठे भावजी सकाळच्या कामावरून लवकर परतले तर बायको आणि वडील शेजारी शेजारी भिंतीला नाक घासताहेत. ते दारातच थांबले. "ओल आली आहे का भिंतीला?" त्यांनी मला विचारलं.

नऊपैकी आठ एकेक करून उतरले. सुती कागद दिसायला सगळ्यात देखणा, पण तिसऱ्या दिवशी त्याचे तंतू उठले. मंद चमकेचा कागद बाबांना चालला, पण ताई म्हणाल्या, त्या मुलीला चालणार नाही, तिला उजेडाचा त्रास जास्त आहे. उरली ती मॅट फिल्म. न चमकणारी, न वळणारी, ओल्या फडक्याने पुसता येणारी, आणि पांढरीशुभ्र नाही, किंचित मऊ पांढरी.

पण काम इथे संपलं नाही. दुकानात मोठा नकाशा छापला तर शाई वाळेचना. हात लावला की बोटाला. मालक म्हणाले, "बघा, म्हणून मी हे आणत नाही." ताईंनी यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. यंत्राला आधी सांगावं लागतं की पोटात कुठला कागद घातलाय, म्हणजे ते त्या मानाने शाई सोडतं. कुणीतरी जाड फोटोच्या कागदाचं नाव ठेवलं होतं. यंत्र बिचारं सांगितल्याप्रमाणे शाई ओतत होतं, आणि फिल्म ती पीत नव्हती. ताईंनी नाव बदललं, शाई कमी केली, यंत्राचा वेग निम्म्यावर आणला. दुसरा नकाशा बरा आला, पण काळा रंग उतरला. तिसऱ्या वेळी जमलं. गुंडाळायचा नाही, एक पूर्ण दिवस सपाट पसरून ठेवायचा, हेही त्याच दिवशी ठरलं. फिल्मला नव्याचा वास येत होता, आणि मुलांचं नाक तर त्यावरच टेकणार. म्हणून वाळल्यावर दोन दिवस तक्ते हवेशीर टांगायचे ठरवलं. इमारतीच्या गच्चीवर दोरीवर चिमट्यांनी सहा खंड वाळत घातलेले मी स्वतः पाहिले आहेत.

बाबांनी तेवढ्यात सगळे नकाशेच बदलायला लावले. दुकानात संगणकावर काम करणाऱ्या मुलीला ते रोज फोन करायचे. "नावं कमी कर. रेषा जाड कर. समुद्र निळा कर, पण त्यावर निळ्यात लिहू नकोस." ती बिचारी "हो सर, हो सर" म्हणत करत राहिली.

तक्ते लावायच्या दिवशी ताईंनी बाबांना बरोबर घेतलं, आणि तक्ते धरायला मला. आम्ही दुपारी दोनला पोचलो, कारण खिडकीतून सगळ्यात जास्त उजेड त्या वेळी येतो, आणि ताईंना तो बघायचाच होता. पहिला नकाशा लागला. ताई मागे मागे येत वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, खाली बसल्या, मुलांच्या उंचीवर. कुठूनही उजेड सांडत नव्हता.

दोन वेण्यांची मुलगी आली. तिने नाक टेकवलं आणि सरकायला लागली. सरकता सरकता डोळ्यांवर आडोसा करायला तिचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मग खाली आला. ती पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेच्या टोकापर्यंत न थांबता गेली. तिथे बाबा उभे होते, तिरपी मान करून एक पर्वतरांग तपासत. ती त्यांना धडकली.

"आजोबा, तुम्ही पण कडेने बघता?"

"हो."

"मग तिकडून नका बघू. इकडून या. इकडून डोंगर चांगला दिसतो."

बाबा इकडून आले. त्यांनी तिला विचारलं, हा डोंगर नसता तर ही नदी कुठल्या बाजूला गेली असती? तिने बोट फिरवून दाखवलं. चूक होतं. बाबांनी का चूक ते सांगितलं. आणखी तीन मुलं येऊन चिकटली, मग सात. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी घंटा वाजवणाऱ्या शिपायाला हातानेच थांब म्हटलं. अकरा वर्षांनी बाबांचा तास भरला होता आणि तो पाऊण तास चालला. ताई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या मुलांकडे पाहत नव्हत्या, बाबांकडेही नाही. त्या नकाशाच्या खालच्या कडेला पाहत होत्या, जिथे फिल्म भिंतीला कशी बसलीय ते दिसत होतं. "उजवा कोपरा मिलिमीटरभर वर आहे," त्या माझ्या कानात म्हणाल्या. डोळे मात्र पाण्याने भरले होते.

चाळीसही तक्ते लागले. आता त्याला दोन वर्षं होतील. रोज नाकं टेकतात, दर शनिवारी ओलं फडकं फिरतं, आणि समुद्र जिथल्या तिथे आहे. बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी त्या शाळेत शिकवतात. पेपर ते आता खास भिंगाखाली धरून वाचतात आणि त्यात वाचण्यासारखं पुष्कळ असतं असं त्यांचं म्हणणं आहे.

मागच्या हिवाळ्यात त्या शाळेने आसपासच्या शिक्षकांना बोलावलं आणि ताईंना बोलायला सांगितलं. साठसत्तर माणसं होती. ताई कधी कुणापुढे बोललेल्या नव्हत्या. मला वाटलं, दोन वाक्यांत बसतील. त्यांनी नऊ पट्टे सगळ्यांच्या हाती फिरवले, वही उघडून दाखवली, कॅनव्हासच्या चुकीचं पानही दाखवलं, आणि शेवटी म्हणाल्या, "छपाईच्या दुकानात गेलात की दुकानदार विचारेल, चकचकीत हवा की मॅट. लगेच उत्तर देऊ नका. त्याला म्हणा, आधी आमची मुलं येऊन बघ. तो आला नाही तर दुसरं दुकान शोधा." मालक पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली, आणि मग आजूबाजूला बघून, आपलं दुकान कुठल्या चौकात आहे तेही दोघातिघांना सांगितलं.

त्यानंतर तीन शाळांचं काम आलं, आणि एका दवाखान्याचं. दुकानाच्या पाटीवर मालकांनी ताईंच्या हुद्द्याची ओळ घातली: कागद सल्लागार. ताईंनी ती वाचली आणि पाटी कुठल्या कागदावर छापलीय ते आधी पाहिलं. उन्हात दोन महिन्यांत उडेल, म्हणाल्या, आणि स्वतःच परत छापली.

आज सकाळी ताई आणि बाबा बसस्थानकावर गेलेत. तिथलं वेळापत्रक म्हाताऱ्यांना वाचता येत नाही अशी तक्रार आहे, आणि स्थानकाच्या व्यवस्थापकांनी ताईंना बोलावलंय. भिंतीवर ऊन किती वाजता येतं ते बघून यायचं म्हणून ताईंनी डबा घेतलाय, बाबांची टोपी घेतलीय, आणि वहीत नऊ पट्ट्यांच्या जोडीला दोन नवे घातलेत. बाबांनी जाताना मला बजावलं, जेवायला वाट बघू नकोस, ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच आहोत.